नदीकडे गेलेली गाय

"ए सुबिन, थांब! हे पाय बघ!" रेजिशानं धाकट्या भावाचा शर्ट खेचला.

इंद्रचोकात बाजा दणाणत होता. गाईजात्रेची मिरवणूक मुंगीच्या पावलानं सरकत होती. वर्षभरात ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्या प्रत्येक घरातून एक मूल गाय बनून आलं होतं; गाईची शेपटी धरून गेलेलं माणूस यमाच्या दारी पोचतं, म्हणतात. चेहऱ्यावर कागदी गायतोंड, कमरेला लांब कापडाची शेपटी. रेजिशाच्या घरची गाय होता सहा वर्षांचा चुलतभाऊ प्रमिश. फागुनात त्याची आई गेली होती.

"काय झालं पायांना?"

"अरे, प्रमिश अनवाणी निघाला होता! हे निळे बूट कुणाचे?"

गाईचा हात प्रमिशच्या ज्ञानूमामानं धरला होता. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर तो मिरवणूक टिपत होता. रेजिशानं पुढे होऊन कागदी तोंड वर केलं. आत भलताच मुलगा!

"कोण रे तू?"

"बिपुल!" तो रडवेला झाला. "मी दूध पीत होतो. या काकांनी ओढत आणलं. मी सांगत होतो, पण ऐकतच नाहीत!"

ज्ञानूमामाचा चेहरा उतरला. "असेल गं मागे कुठेतरी. गाय जाऊन जाऊन जाणार कुठे?"

"मामा, इथे सगळ्याच गाई आहेत!" सुबिन ओरडला.

रेजिशा बिपुलसमोर बसली. "तुझ्याजवळ अनवाणी गाय होती?"

"हो. त्यानं नदी कुठे ते विचारलं. यमाच्या दाराआधी नदी लागते, आई तिथे अडकली असेल, म्हणाला."

रेजिशा ताडकन उठली. डोंगरात पाऊस कोसळत होता. विष्णुमती नदी दुथडी भरून वाहत होती!

"मामा, तो मोबाइल ठेवा आणि बिपुलला त्याच्या माणसांकडे पोचवा! आम्ही नदीवर जातो!"

दोघं उतारावरून धावत सुटली. वळणावर फुलं विकणारी बाई म्हणाली, "छोटी गाय ना? गेली की खाली! मला वाटलं, मागे असेल कुणीतरी."

घाटाच्या पायरीवर प्रमिश गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याची शेपटी प्रवाहात वाहत होती.

"धर ना, आई! धर ना!"

सुबिन हाक मारणार, तोच रेजिशानं त्याचं तोंड दाबलं. प्रमिश दचकला आणि पाय घसरला तर? ती एकेक पायरी उतरली. सुबिननं तिचा कमरपट्टा घट्ट धरला.

"प्रमिश," ती हळूच म्हणाली, "मी पण धरते हं."

तिनं शेपटी पकडली, आणि तेवढ्यात लोंढा आला! प्रमिशचा पाय सुटला. सुबिननं मागे झोकून दिलं. तिघंही धडपडत वरच्या पायरीवर आदळली.

"आई राहिली ना तिकडे!" प्रमिश हमसून हमसून रडू लागला.

"नाही रे." रेजिशानं त्याची ओली शेपटी पिळली. "सकाळी गाय दारातून निघाली, तेव्हाच आई तिच्याबरोबर निघाली. रस्त्यात सगळ्यांनी तुला दूध दिलं, फळं दिली, ती तिच्याच वाटेसाठी. आता अर्ध्यावर थांबायचं का?"

प्रमिशनं डोळे पुसले. "नाही."

बिपुलला पोचवून ज्ञानूमामा धापा टाकत आला. प्रमिशला छातीशी कवटाळून तो लहान मुलासारखा रडला. मग त्याचा हात दोन्ही हातांत धरून त्यानं उरलेली मिरवणूक पुरी केली.

घरी सगळं ऐकून आजी आधी मामावर कडाडली. मग तिनं रेजिशा आणि सुबिनला जवळ ओढलं.

"आम्ही मोठ्यांनी गाय नुसती सजवली. सांभाळली तुम्ही!"

तिच्या मांडीवरून प्रमिश पुटपुटला, "आजी, मला भूक लागलीय."

आजी त्याला मांडीवरून उतरवून स्वयंपाकघरात धावली. फागुनानंतर त्यानं आपणहून खायला मागितलं होतं, ते आज पहिल्यांदा!