बायडाबाईनं पुजलेली कार्डं

या, जरा पुढं सरकून बसा. माईक नाही माझ्याकडं, आणि गोष्टही मोठ्यानं सांगण्यासारखी नाही... प्रेमाची आहे! कीर्तनात पूर्वरंग लांबला की मागची मंडळी पेंगायला लागतात, म्हणून आपण थेट आख्यानालाच हात घालू. देवाचं नाव घेऊन सांगते, ऐकून जीव सुखावेल.

आष्टी तालुक्यातलं कडा. परतीचा पाऊस कोसळला तेव्हा हरिओम आपल्या फोटो स्टुडिओचं शटर ओढत होता. अर्ध्या शटराखालून एक मुलगी वाकून आत शिरली. केसांतून पाणी निथळत होतं, पण ओढणी डोक्यावर नव्हती — हातातल्या पत्र्याच्या डब्यावर होती.

“एवढं काय हाय डब्यात? पेढे?”

“पेढे असते तर भिजू दिले असते,” ती म्हणाली आणि डबा काउंटरवर ठेवून आधी तोच पुसायला लागली.

ती रुद्राणी, किराणावाल्या मन्मथप्पांची लेक. डब्यात अप्पांची पोरवयातली क्रिकेटची कार्डं होती. बबलगमच्या पुडीत निघायची ना, तीच — पुढं खेळाडूचं चित्र, मागं धावा आणि बळी. दुकानाच्या भिंतीला ओल आली, काही कार्डं एकमेकांना चिकटली, आणि त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. म्हणून डबा मैत्रिणीच्या पक्क्या घरी ठेवायला ती निघाली होती, तर वाटेत पावसानं गाठलं.

हरिओमनं झाकण उघडून वास घेतला.

“डांबरगोळ्या टाकल्या व्हय?”

“आईनं टाकल्या. कसर लागू नये म्हणून. कावून?”

“प्लास्टिक चिकट होतं त्यानं. गिऱ्हाइकाचा एक आख्खा अल्बम गेलता माझा तसा. लई शिव्या खाल्ल्या.”

ती हसली. आणि काय सांगू... शटर पुरतं ओढायचं तो विसरलाच!

दुसऱ्या दिवशी मन्मथप्पा स्वतः आले. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, आवाजात धार.

“पोरगी म्हणते तू जपशील. भिंत वाळेपर्यंत ठेव, दसऱ्याला नेतो. पण एकाला जरी डाग लागला ना, तर माझ्या दुकानाची पायरी चढायची न्हाई.”

“न्हाई लागणार, अप्पा,” हरिओम बेधडक म्हणाला. तेव्हा त्याला वाटलं, पायरी म्हणजे नुसती पायरी.

मग रुद्राणी रोज दुपारी यायला लागली. दोघं मिळून एकेक कार्ड पारदर्शक पाकिटात सरकवायचे. बुटांच्या खोक्यात निघतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यानं गावभर मागून आणल्या होत्या.

“कडेनं धरायचं. मधी बोट लावायचं न्हाई,” तो शिकवायचा.

“आणि माणसाला कसं धरायचं?”

“माणसाला... आधी विचारायचं.”

“मग विचार की!”

त्याच्या हातातलं कार्ड खाली पडलं. विकेटकीपरचं होतं — अप्पांचं सगळ्यात लाडकं.

“तुज्या घरी गळ्यात लिंग, माज्या घरी खांद्यावर धनगराची घोंगडी,” तो हळूच म्हणाला. “अप्पा हो म्हनतील?”

“अप्पांचं मी बघते. तू कार्डं बघ.”

त्या विकेटकीपरचा कोपरा दुमडलेला होता. पाकिटात आणखी मोडेल, म्हणून त्यानं ते तेवढं उघडंच ठेवलं. नगरहून त्याच्या मापाचा जाड प्लास्टिकचा साचा यायचा होता. डबा घरी नेऊन, भिंतीपासून लांब, ज्वारीच्या कोठीवर ठेवला. साचा काही आला नाही. आला तो दसरा.

सकाळी त्यानं झाकण काढलं, तर काय! प्रत्येक कार्डावर हळदीकुंकवाचं बोट! वर झेंडूच्या पाकळ्या. पाकिटातली वाचली होती, पण विकेटकीपरच्या छातीवर मात्र कुंकू ओलसर चमकत होतं. त्यानं घाईनं ओलं फडकं उचललं...

“पुसू नको!” दारातून धावत येऊन रुद्राणीनं त्याचं मनगट धरलं. “पसरेल. वाळू दे, मग ब्रशनं झटकू.”

तिच्या मागं अप्पा उभे होते. हातात आपट्याचं सोनं.

“हे कुणी केलं?”

“म्या केलं की,” हरिओमची माय, बायडाबाई, चुलीपासून उठून आली. मेंढरं राखणारी बाई, भिणार कुणाला? “काल खंडेनवमी व्हती. लोकर कापायची कातर पुजली, पोराचा क्यामेरा पुजला. म्हनलं, ह्या डब्यात पोराचा जीव हाय, मग ह्येलाच कावून वगळायचं?”

“अप्पा, मायची चूक न्हाई,” हरिओम पुढं झाला. “उघडं मी ठेवलतं.”

अप्पा खाली बसले. कार्ड कडेनं उचललं. हळदीचा पिवळा डाग आता कायमचाच होता. त्यांनी चष्मा काढला.

“बापानं ह्या कार्डांपायी मला बदडलं. बायको रद्दी म्हणत आली. ह्यांना कुणी हळदीकुंकू लावलेलं... पहिल्यांदाच बघतोय.”

हरिओमनं श्वास सोडला, तोच अप्पा म्हणाले, “पण शब्द म्हणजे शब्द. डाग लागला. माझी पायरी चढायची न्हाई.”

बाहेर एक मेंढरू तेवढं ओरडलं.

“बरं,” रुद्राणी शांतपणे म्हणाली. “त्यानं नका चढू देऊ. मग मीच इथला उंबरा ओलांडून आत येते. कायमची. मावशी, चालेल?”

“चालंल? आगं, धावंल!”

अप्पांनी लेकीकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. आधी मिशी हलली, मग पोट, आणि मग ते खदखदून हसले. हातातलं सोनं त्यांनी पहिल्यांदा बायडाबाईच्या ओंजळीत घातलं. “घ्या विहीणबाई. पोरीच्या आईला, उमाबाईला, मी समजावतो... म्हणजे, बघतो!”

आणि हरिओमनं, आधी डोळ्यांनी विचारून, रुद्राणीचा हात धरला. कडेनं नाही हो — चांगला घट्ट.

झालं आख्यान. दक्षिणा नको, नारळ नको. एवढंच करा: आपल्याला न कळणाऱ्या वस्तूवर आपलं माणूस जीव टाकताना दिसलं, की हसू येण्याआधी त्या कड्याच्या बायडाबाईला एकदा आठवा.