बिनसावलीची दुपार

"मागे हो, गॅव्हिन! तुझ्या छत्रीची सावली पडतेय!" शिवांगी ओरडली.

एकवीस जून! शाळेला सुट्टी होती आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साजरा करायचा बेत शिजला होता. मस्कतच्या अझैबा भागातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर शिवांगी, गॅव्हिन आणि त्याची धाकटी बहीण लिनेट यांनी एक काठी सरळ उभी केली होती. कर्कवृत्त मस्कतच्या अगदी जवळून जातं. म्हणून आज भर दुपारी काठीची सावली जवळजवळ नाहीशी होणार, असं शिवांगीने वाचलं होतं. त्यानंतर खालच्या हॉलमध्ये सगळ्या घरांनी मिळून कलिंगड, ताक आणि खेळ!

बारा वाजून आठ मिनिटांनी सावली काठीच्या बुडाशी गुडूप झाली.

"गेली! गेली!" लिनेटने टाळ्या पिटल्या. बादलीची गेली, बाटलीची गेली! नाचून नाचून तिघं घामाघूम झाली आणि जिन्याच्या आडोशाला सरबत पीत बसली.

"भूक लागलीय," गॅव्हिन म्हणाला. "पण भोंगा झाल्याशिवाय मम्मी हॉलचं दार उघडणार नाही."

समोर एक नवी इमारत उभी राहत होती. उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी असते, म्हणून तिथे रोज साडेबाराला भोंगा वाजायचा.

शिवांगीने फोन पाहिला. "अरे, बारा चाळीस झाले! भोंगा कुठाय?"

"कालही उशिराच झाला. मी मम्मीला म्हटलं, तर म्हणाली, तू अधाशी आहेस!"

तिघांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. माणसं अजून तापलेल्या सळया वाहत होती. आणि फाटकावरच्या मोठ्या घड्याळात बारा वाजायला पाच मिनिटं होती!

"घड्याळ मागे पडलंय!" शिवांगी म्हणाली. "पण कुणालाच कसं कळलं नाही?"

"त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात," लिनेट म्हणाली. "जनार्दनकाकांनी सांगितलं मला." जनार्दनकाका तिथले कोकणातले सुतार. काठीखालचा पाट त्यांनीच करून दिला होता.

तिघं फाटकाकडे धावली. सुपरवायझर प्रसाद एसी केबिनमध्ये बसला होता. त्याने खिडकी बोटभर उघडली.

"अंकल, साडेबारा वाजून गेले!"

"समोर घड्याळ दिसत नाही? यल्ला, घरी जा! कामाच्या वेळी मस्करी नको!" खिडकी धाडकन बंद झाली.

तेवढ्यात लिनेट किंचाळली. पहिल्या मजल्यावर जनार्दनकाका खांबाला टेकून मटकन खाली बसले होते!

"गॅव्हिन, तुझा फुटबॉलचा भोंगा!" शिवांगी म्हणाली.

घरातून भोंगा उचलून, दोन-दोन पायऱ्या गाळत गॅव्हिन गच्चीवर पोहोचला आणि गाल फुगवून त्याने फुंकर मारली. भोंSSS! भोंSSS! भोंSSS!

हातोडे थांबले. "खलास! खलास! काम बंद!" म्हणत सगळे भराभर उतरले. दोघांनी जनार्दनकाकांना धरून सावलीत आणलं.

प्रसाद लालबुंद होऊन बाहेर आला. "कोणी वाजवला भोंगा?"

"आम्ही!" शिवांगी जागची हलली नाही. "अंकल, एकदा स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघा ना!"

त्याने बघितलं. बारा पन्नास! मग फाटकाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "घड्याळाचा सेल संपत आलाय... मी केबिनबाहेर पडलोच नाही, ऊन किती चढलंय मला कळणार कसं?" जनार्दनकाकांकडे नजर जाताच तो स्वतःच थंड पाण्याची बाटली आणायला धावला.

गॅव्हिनच्या मम्मीने, ॲनी आंटीने, हॉलची दोन्ही दारं उघडली. "सगळे आत या! आजचा दिवस सगळ्यांचाच आहे!"

त्या दुपारी हॉलमध्ये चाळीस पाहुणे वाढले. कलिंगडं कापली गेली, कॅरम रंगला. "चूक माझी आहे. या मुलांनी आज मोठा अनर्थ टाळला," प्रसाद सगळ्यांसमोर म्हणाला. ॲनी आंटीने गॅव्हिनला जवळ ओढलं आणि त्याच्या ताटात कलिंगडाची सगळ्यात मोठी फोड ठेवली. "माझा अधाशी हुशार निघाला!"

दोन ग्लास ताक पिऊन जनार्दनकाकांना हुशारी आली होती. त्यांनी गावी बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

"प्रभावती, चार दिवस चक्कर येय होती, पण तुका सांगूक नाय. माका वाटला, माझा वय झाला. अगो, वय माझा नाय झाला, घड्याळाचा झाला!"

पलीकडून प्रभावतीकाकू आधी हसल्या, मग त्यांनी पदराने डोळे टिपले.

"खंय आसत ती पोरां? दाखव बघू माका!"

आणि तिघांची तोंडं एकदमच फोनच्या पडद्यात घुसली.