हिमानीची खोटी दाद

लखनौला गोमती नगरच्या मराठी मंडळात आरती संपली, आणि प्रसादाची समजून हिमानी भलत्याच रांगेत शिरली. टोकाला एक लाकडी पेटी, पेटीत दोन आरसे, मागे सत्यजित... सांगलीहून नुकताच बदलून आलेला रेल्वेचा इंजिनिअर.

"एका पट्टीवर दोन कॅमेरे ठोकून फोटो काढलेत. डाव्या डोळ्याला डावा फोटो, उजव्याला उजवा. नाक इथे टेकवा... दिसतोय फोटोतला दरवाजा पुढे आलेला?"

हिमानीला सपाट फोटो दिसला. लहानपणापासून तिचा डावा डोळा नावालाच होता. पण समोरचा माणूस इतक्या आशेनं बघत होता, की...

"वा! एकदम हातात आल्यासारखा!"

झालं, फसली! तेव्हापासून दर रविवारी सत्यजित पेटी घेऊन चहाच्या टपरीवर हजर. फोटोत कधी चारबाग स्टेशनचे हमाल, कधी बख्शी का तालाबकडची मोहरीची शेतं. 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि हिमानी त्याच्या प्रेमात पडली. आता खरं सांगायचं कसं? कळलं तर हा पुन्हा कशाला येईल?

एका रविवारी पेटीत तिचाच फोटो होता.

"बहुत सुंदर! मी किती पुढे आलेय बघ!"

सत्यजितनं स्वतः पेटीत डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हिमानी... घाईत माझ्याकडून डावा-उजवा उलटे लागलेत. यात मागचं झाड पुढे दिसतं, आणि तू मागे."

तिचे कान तापले.

"एकच आँख चालते माझी. हाँ, झूठ बोलले. तू येत राहावास म्हणून!" तिनं पर्स उचलली.

"अगं, थांब तरी!"

त्यानं फोनमध्ये तेच दोन फोटो उघडले आणि बोटानं भराभर सरकवायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा... "याला एक डोळा पुरतो. बघ ना."

ती रुसूनच वाकली. पडद्यावरची हिमानी डुलत होती, आणि तिच्यामागचं झाड सरकत सरकत — खरंच मागे गेलं!

"अरे यार! मागे गेलं! सत्यजित, झाड मागे गेलं!" अख्खी टपरी वळून बघू लागली. हिमानीला इतका आनंद झाला होता, की तिला कुणाचीच पर्वा नव्हती.

"म्हणजे आता पेटीचं काम संपलं," ती दबकत म्हणाली. "मग... रविवारी?"

"येणार. शनिवारीही येणार. मला तू आवडतेस, हिमानी. तुझ्या आईबाबांनी हो म्हटलं, तर रोजच..."

"उनसे मैं बात करूँगी," हिमानी म्हणाली, आणि सगळ्यांदेखत तिनं त्याचा हात घट्ट धरला.