ओळ उचलणारा

सोनगीरच्या लग्नात गुलाबला एकट्यानंच ट्रम्पेट वाजवायचं होतं, आणि ही गोष्ट त्याला सकाळपासून खात होती.

त्याचा जोडीदार शकील धुळ्याच्या दवाखान्यात होता. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, तोंडात नळी, श्वास मशीनवर. वर्षानुवर्षं आपल्या उजव्या खांद्यामागे उभा राहणारा माणूस असा निपचित पडलेला पाहून गुलाबचा पाय तिथून निघेना. शेवटी शकीलची बायको जैनबच म्हणाली, "तुम्ही जा भाऊ. तुम्ही लग्न सोडून इथं बसलात हे कळलं, तर उठून भांडतील ते."

आणि भांडलाच असता तो. गुलाब वाढला जयंतीच्या मिरवणुकांत, शकील उरुसातल्या कव्वाल्यांत. त्यामुळे सिनेमाचं गाणं असो की हळदीचं, सूर कसा लावायचा यावरून दोघांची रोज जुंपायची. गुलाब सूर सरळ ठेवणार, तर शकील ओळीच्या शेवटी मुरकी मारल्याशिवाय राहणार नाही. वाजवायला लागले की मात्र दोघं मिळून एकच माणूस. एकाचा दम संपत आला की दुसऱ्यानं ओळ मधूनच उचलायची, आणि उचललेली ओळ पहिल्यानं परत घेईपर्यंत सोडायची नाही. कुठं सांधा आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. हा त्यांच्या जोडीचा नेम होता.

ऊन कलल्यावर वरात निघाली. सोनगीरच्या किल्ल्याच्या बाजूनं गरम वारा सुटला होता, तोंडात माती येत होती. नवरदेवाच्या मित्रांनी आल्या आल्या कव्वालीच मागितली. शकीलचा हातखंडा! गुलाबनं मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या आणि सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला दम संपला. ओठ बाजूला करून त्यानं श्वास घेतला.

ओळ पुढं चालू राहिली. उजव्या खांद्यामागून. शेवटी मुरकीसुद्धा आली.

गुलाबनं वळून पाहिलं. मागे ढोल वाजवणारा हिलाल, त्याच्यामागे धूळ. गुलाब भुताखेतांच्या गोष्टी हसण्यावारी नेणारा माणूस. आवाज समोरच्या भिंतीवरून उलटून येत असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण समोर भिंत नव्हतीच, नांगरून टाकलेलं उघडं रान होतं.

हळदीच्या गाण्याला तेच झालं. सिनेमाच्या गाण्यालाही तेच. तो श्वास घ्यायचा, मागचा ओळ उचलायचा. मागचा थांबायच्या आत गुलाब ती परत घ्यायचा. आणि मग एकदम त्याच्या मनात आलं. शकील ओळ आपल्याकडे देतोय. आपण ती घेतली नाही तर तो श्वास कधी घेणार?

मांडव आला. नवरदेवाचा मामा हातानं "बस, बस" करू लागला. गुलाबनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. गालफडं दुखत होती, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण थांबायची त्याची छाती होईना.

तेवढ्यात घशात धूळ गेली.

ठसका लागून तो कमरेत वाकला. ट्रम्पेट ओठांपासून सुटलं.

ओळ चालूच होती.

या खेपेला मुरकी नव्हती. एकच सरळ सूर. तो थरथरला नाही, बारीक झाला नाही. वाजवणाऱ्याला श्वासाची गरजच नसावी.

माझ्यासाठी धरून ठेवलंय त्यानं, असं गुलाबला वाटलं. डोळे पुसून तो सरळ झाला आणि त्यानं ओळ परत घेतली. थोड्या वेळानं मागून ओळखीची मुरकी आली, आणि गाणं संपलं.

"गुलाबभाऊ," हिलाल ढोल उतरवत म्हणाला, "एकलाच वाजाडी राहिंता तू, दम कव्हय लिधा रे?"

दम कधी घेतला, याचं उत्तर द्यायच्या आत खिशातला फोन वाजला. जैनब रडत होती. "भाऊ, मधी त्यांचं हृदयच बंद पडलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून दाबून चालू केलं. आता बरे आहेत. डोळे उघडले त्यांनी!"

गुलाब मांडवाच्या कडेला मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग हसला. मग पुन्हा रडला. भांडायला आलेला मामा ते पाहून स्वतःच सरबताचा पेला घेऊन आला. इतकं गोड सरबत गुलाबनं जन्मात प्यालं नव्हतं.

नळी निघाल्यावर तो शकीलला भेटायला गेला. शकीलचा चेहरा उतरला होता, पण जीभ जागेवर होती. "कव्वालीची पार वाट लावलीस," तो बारीक आवाजात म्हणाला. गुलाबला इतकं बरं वाटलं की त्यानं त्याचा हात घट्ट धरला. तू होतास ना मागे, हे त्यानं विचारलंच नाही. विचारायची गरजच उरली नव्हती.

"ठसका लागला तुला," शकील म्हणाला.

"हो. तू सांभाळून घेतलंस म्हणून."

शकीलनं नकारार्थी मान हलवली. जैनब बाटलीत पाणी आणायला बाहेर जाईपर्यंत तो थांबला.

"तेव्हा मी थांबलो होतो, गुलाब. तो सूर मीसुद्धा ऐकला," तो म्हणाला. "माझ्याही मागून येत होता."