मथळ्याखालची बातमी

आबिजान शहरातल्या आमच्या वस्तीत सकाळी वर्तमानपत्रांच्या टपरीपुढे गर्दी व्हायची. विकत कुणी घ्यायचं नाही. टांगलेले मथळे वाचायचे आणि त्यावर तासभर वाद घालायचा. मी शिंपी, पण तिथे माझा शब्द चाले.

त्या दिवशी महापौरांवरच्या एका मथळ्यावर मी बोलत होतो. शेजारी एक मुलगी आंबा खात उभी होती.

"खालची बातमी वाचलीत?" तिनं विचारलं.

"मथळा पुरतो."

"मथळा संपादकांचा. बातमी माझी... आणि तुम्ही सांगताय त्याच्या ती बरोब्बर उलटी आहे."

सगळे हसले. तिनं माझं नाव विचारलं. यिओ म्हटल्यावर ती खुलली. "सेनुफो होय. मग तुमचा दोष नाही. तुम्ही आम्हा गुरो लोकांचे गुलाम, गुलामांना वाचायला शिकवलंय कुणी?"

सेनुफो आणि गुरो, आमच्या या दोन जमातींत जुना सलोखा आहे. एकमेकांना गुलाम म्हणून कितीही चिडवावं, समोरच्यानं रागवायचं नाही. आणि त्या सलोख्याची आण घालून काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. मी म्हणालो, "मालकीणबाई, मग गुलामाला एक अंक तरी घेऊन द्या." तिनं खरंच घेऊन दिला. मी तो उभ्या उभ्या सगळा वाचला — ती बघत होती म्हणून.

मग ती, इरिए तिचं नाव, रोज माझ्या दुकानात येऊ लागली. मी शिवायचो, ती कापडांच्या ढिगावर बसून बातमी वाचून दाखवायची. एखादं वाक्य मला कळलं नाही की ते खोडायची. तुला कळलं तर सगळ्यांना कळेल, म्हणायची. एकदा खांद्याचं माप घेताना माझा हात जरा थांबला... तीही हलली नाही.

निवडणुकीच्या आठवड्यात तिला वस्तीच्या मतदारयादीत एकशे बारा मेलेल्या माणसांची नावं सापडली. लोकांना आधी कळायला हवं, मग त्यांनी मत द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. बातमी तयार होती. तेव्हा दोन माणसं दुकानात आली. एक सदरा शिवायला टाकला आणि इरिए घरी कुठल्या रस्त्याने जाते ते विचारून निघून गेली.

मी घाबरलो. "सलोख्याची आण आहे तुला," मी तिला म्हणालो. "छापू नकोस."

तिनं बातमीचे कागद माझ्या हातात दिले. त्या रविवारी मेलेल्यांनी मतं दिली, महापौर पुन्हा निवडून आले. टपरीपुढे लोक मथळ्यांवर भांडत होते. खरं काय ते त्यांच्यातल्या मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी गप्प उभा होतो.

तिनं वर्तमानपत्र सोडलं, शाळेत शिकवू लागली. आम्ही लग्न केलं. एकोणीस वर्षं चांगली गेली. तिनं पुन्हा लिहिलं नाही, मला बोलही लावला नाही. गेल्या वर्षी दवाखान्यात, तिच्या शेवटच्या दिवसांत, मीच विषय काढला. माफी मागितली.

"तू आण न घालता, नुसता यिओ म्हणून सांगितलं असतंस ना," ती म्हणाली, "तर मी छापलं असतं. आणि लग्नही तुझ्याशीच केलं असतं."

पहिलं मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर आण घातली. दुसरं ठाऊक नव्हतं.