सुरी धरायची कशी

"ठेव ती सुरी खाली!"

आईचा आवाज एवढा चढला, की खाणावळ विकत घ्यायला आलेला, शेगड्या निरखत उभा असलेला शेजारचा किराणावाला दचकून मागे सरला. लेकीने मात्र सुरी ठेवली नाही.

आजवर या वाफेत आईने स्वतःला शिजवून घेतलं होतं, पण लेकीला कधी ओट्याला हात लावू दिला नव्हता. पोर अभ्यासाला बसली की आवाज नको म्हणून ती पातेलीसुद्धा फडक्यावर उतरवायची... आणि आज, लेकीच्या फीसाठी काळजावर दगड ठेवून खाणावळ विकायला काढली, तर ही गाजरांची टोपली पुढ्यात घेऊन बसलेली!

"आई, कॉलेजच्या स्वयंपाकघरात सकाळी काम केलं की फी माफ होते. उद्या चाचणी आहे. भाजी चिरून दाखवायची. नाही जमली तर जागा दुसऱ्याला."

"म्हणजे मी जन्मभर रांधलं, ते तूही रांधावंस म्हणून? हेच का गं पांग फेडलेस?"

"आणि खाणावळ विकून तू काय करणार?"

"करीन दुसऱ्याच्या हाताखाली!"

"तुला दुसऱ्याच्या दारात उभं करून मी शिकायचं? नाही शिकणार! माझी फी माझे हात भागवतील."

"हे हात? साधं गाजर सोलता येत नाही तुला!"

"कुणामुळे?"

लेकीने त्वेषाने सुरी चालवली, गाजर निसटलं आणि बोटावर रक्त तरारलं. आईने धावत जाऊन ते बोट नळाखाली धरलं. पाण्याबरोबर लेकीचे शब्दही वाहू लागले...

"तुझ्या कामाची लाज मला कधीच वाटली नाही, आई... तुलाच वाटते!"

आईच्या अंतःकरणात काहीतरी तटकन तुटलं. ज्याला ती माया म्हणत आली, त्या मायेनेच लेकीचे हात बांधून ठेवले होते तर!

"वहिनी, या मोठ्या शेगडीचं काय ठरवलंत?" किराणावाल्याने हळूच विचारलं.

"खाणावळ विकायची नाही, भाऊ."

"अहो, पण आपलं बोलणं झालं होतं..."

"झालं होतं. आता मोडलं! जेवायला या, ताट वाढीन. शेगडी मिळायची नाही."

तो पुटपुटत निघून गेला. आईने लेकीच्या बोटाला पट्टी बांधली, मागे उभी राहून तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "बोटांची टोकं आत वळव. दाबू नकोस, सरकव."

पहिले तुकडे पडले.

"गाजर चिरलंस की सरपण फोडलंस?"

"शिकवणारी उशिरा भेटली!"

दोघी हसल्या. आईने फळीवरची स्वतःची सुरी काढली. कामावरच्या कुणालाही जिला हात लावायची मुभा नव्हती, ती.

"उद्या हीच ने. आणि कुणी विचारलं, कुठे शिकलीस... तर मान खाली घालायची नाही. माझं नाव सांगायचं!"

तिने दुसरं गाजर पुढे सरकवलं.

"हं. पुन्हा."