लग्नाच्या कोटातलं पत्र

"हे तिकीट कुठून आणलं रे?" कोकिळा ओरडलीच!

शेजारच्या रूपराव आबाजींच्या चिमुकल्या नातवाच्या पाटीवर परदेशी तिकीट चिकटवलेलं होतं. नारळाची झाडं, निळं पाणी, कोपऱ्यात होडी! अशी तिकिटं गावात फक्त कोकिळेच्या घरी येत. तिचे बाबा प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होते. कुठल्या बेटावर उतरले, तिथल्या वस्तीत काय खाल्लं, सारं कळवत. दोन महिने मात्र अक्षर नव्हतं, आणि कोकिळेला घास गोड लागत नव्हता.

"वरातीत आबाच्या कोटातून काढलं," नातू म्हणाला.

तिचा मित्र कवडू टाळी पिटत म्हणाला, "बाजारात पोस्टमन गावचं टपाल आबाजीच्याच हाती देते ना!"

"पन इचारलं तं खेकसतात. 'आलं असतं तं देल्लं नसतं काय?'" कोकिळा म्हणाली.

आणि तो काळा कोट! लग्नाखेरीज खुंटीवरून उतरत नसे. कुणी हात लावला की रूपराव घर डोक्यावर घेत.

"मंग त्यायलेच उतरवू दे!" म्हणत कवडू ओसरीकडे धावला. "आबाजी, चला! वरात तुमच्यासाठी थांबून राह्यली!"

"कोनाची रे?" विचारेपर्यंत रूपरावांचा एक हात बाहीत गेलाही होता.

"सुपारी हाये का खिशात? पाहा बरं!" कोकिळा म्हणाली.

खिशातून सुपारी निघाली, अक्षता निघाल्या आणि तिकीट फाडलेलं पाकीटही! रूपराव ओशाळले. "लगनाले जाताना पोस्टमननं देल्लं, गडबडीत इसरलोच, पोरी."

कोकिळेनं घाईघाईनं वाचलं. 'मुंबईला उतरून लगेच रेल्वेनं कलकत्त्याला, तिथल्या नव्या जहाजावर जायचं आहे. घरी येणं जमणार नाही. सतरा मेला संध्याकाळी मेल वर्ध्याला थांबेल. आईला घेऊन ये.'

"सतरा? आजच!"

रूपरावांनी कोट न काढताच बैल जुंपले, कोकिळेच्या आईला गाडीत घेतलं. समुद्रपूरला बस मिळाली, आणि सगळे वर्ध्याच्या स्टेशनात पोचले तोच मेल आली!

बाबा डब्यातून उतरले. कोकिळेला शंभर प्रश्न विचारायचे होते. ती नुसती त्यांचा सदरा धरून रडली.

"एका बेटावर महिन्यातून एकदा टपालाची होडी येते," बाबा म्हणाले. "सारी पोरं किनाऱ्यावर जमतात. माह्यासाठी काई नाई, मले ठाऊक होतं. तरी मी त्यायच्यात जाऊन उभा राहो."

"या पोरायनं आज माही लाज राखली!" रूपराव म्हणाले. बाबांनी कवडूची पाठ थोपटली. शिट्टी झाली.

"बाबा, पत्ता सांगा! नव्या जहाजाचा पत्ता!" गाडीबरोबर पळत कोकिळा ओरडली.

बाबांनी दारातून तो ओरडून सांगितला. परतीच्या बसमध्ये कोकिळा तो घोकत राहिली. तिला झोप लागली तेव्हा आई घोकू लागली.